लाल गाडीचं डावं दार

माझ्या नणंदबाई रस्त्यात उभ्या असलेल्या कोणाच्याही गाडीला हात लावतात. परवानगी वगैरे विचारत नाहीत. पर्समधून ब्रेडची रिकामी प्लास्टिकची पिशवी काढतात, ती हातमोज्यासारखी हातात चढवतात आणि बॉनेटवरून सावकाश बोटं फिरवतात. उघड्या हाताला जे कळत नाही ते पातळ पिशवीतून कळतं, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे, मी स्वतः करून बघितलंय. काचेसारखा गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. एकदा एका डॉक्टरांच्या गाडीवर त्यांची ही तपासणी चालू असताना डॉक्टर स्वतःच दवाखान्यातून बाहेर आले आणि काय चाललंय म्हणून विचारायला लागले. "तुमच्या गाडीला पुरळ उठलंय," वन्सं म्हणाल्या. "झाडाखाली लावत जाऊ नका." डॉक्टर मान वर करून झाडाकडे बघायला लागले. मी दहा पावलं मागे उभी राहून, आपला या बाईशी काडीचा संबंध नाही अशा चेहऱ्याने दुकानांच्या पाट्या वाचत होते.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. वय छपन्न, उंची बेताची, आवाज अजिबात बेताचा नाही. सहा वर्षं सासरी काढून त्या माहेरी परत आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये धुलाईच्या कामाला लागल्या. तिथे रंगकाम करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी बघितलं की ही बाई गाडी धुऊन झाल्यावरही चार-चार वेळा मागे वळून एकाच ठिकाणी बघते. त्यांनी तिला पाण्याच्या पाइपावरून उचलून डागांवर बसवलं.

डाग काढणं म्हणजे घासणं, असं मला वाटायचं. तसं बोलून दाखवल्यावर मला अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. पक्ष्याची विष्ठा सुकली असेल तर घासायची नाही, ओलं फडकं ठेवून पाव तास दुसऱ्या कामाला जायचं. डांबराला रॉकेलचा नुसता बोळा टेकवायचा. झाडाच्या डिंकाला कोमट पाणी, आणि घाई केलीत तर तो डिंक रंग सोबत घेऊन जातो. "डागाला आधी भिजू द्यायचं, मग त्याच्याशी बोलायचं," असं त्या म्हणायच्या, आणि बोलायच्याही. सिमेंटच्या एका थेंबाला त्यांनी एका दुपारी ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहू शकत नाही.

मिस्त्रींनी त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली. पॉलिशचा हात सरळ चालवायचा. गाडीच्या लांबीच्या दिशेने, पुढून मागे, मागून पुढे. गोल कधीच नाही. कितीही जपलं तरी बारीक रेघा उठतातच. सरळ रेघ एका बाजूने उन्हात दिसते, दुसऱ्या बाजूने दिसत नाही. गोल रेघ मात्र कुठूनही बघा, चमकते. मिस्त्री जाऊन बारा वर्षं झाली, वन्संचा हात आजही सरळच चालतो. घरी मात्र त्यांच्या कपाच्या तळाचा गोल डाग टेबलावर चार-चार दिवस पडून असतो. मी पुसायला सांगितलं तर म्हणतात, "त्याच्यावर कुठे ऊन पडतंय?"

पाच वर्षांपूर्वी त्यांनीच मला त्या वर्कशॉपमध्ये काउंटरवर चिकटवलं. माझं काम सोपं. गाडी आली की कार्ड लिहायचं: गाडी कोणाची, तक्रार काय, काम कोणाकडे, किती दिवस. डागाची गाडी असली की "काम कोणाकडे" या रकान्यात वन्संचं नाव. गिऱ्हाइकं ते नाव असल्याशिवाय चावी सोडत नसत.

मग मालकांच्या मुलीचं लग्न झालं आणि वर्कशॉपला जावईबापू मिळाले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं येत होतं. आल्या आल्या त्यांनी पॉलिशचं मशीन आणलं, फिरकीवर स्पंजाची चकती लावलेलं, आणि बाहेर पाटी लावली: "कोणताही डाग, एका तासात." वन्संनी पाटी वाचली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "डागांना सांगितलंय का हे?"

लाल गाडी त्यानंतर पंधरा दिवसांनी आली. गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका मास्तरांची ती गाडी. बावीस वर्षं त्यांनी त्याच एका गाडीत बसून लोकांना क्लच सोडायला शिकवलं होतं. आता ते शिकवणं बंद करून गाडी मुलीला देणार होते. डाव्या दारावर त्यांच्या वर्गाचा गोल स्टिकर होता, तो त्यांनी काढला, आणि खाली जेवणाच्या ताटाएवढा गडद लाल गोल उरला. तो काही केल्या जाईना. मास्तरांनी साबण लावून बघितला, रॉकेल लावलं, खायचा सोडा लावला, शेवटी दात घासायची पेस्टही लावली. मुलगी म्हणत होती की असा डाग घेऊन मी गाडी चालवणार नाही.

वन्संनी पिशवी हातात घातली. गोलावरून बोटं फिरवली, गोलाच्या बाहेर फिरवली. मग बादली उचलली आणि अर्धी दारावर ओतली. पाणी पडताच डाग गायब. सगळं दार एकसारखं गडद लाल. मास्तर हरखले. वन्संनी हाताने थांबा अशी खूण केली. पाणी निथळलं, दार सुकत आलं, आणि गोल पुन्हा हळूहळू वर आला.

"हा डाग नाही," वन्सं म्हणाल्या. "तुमच्या गाडीचा खरा रंग हाच आहे. स्टिकरखाली झाकला होता म्हणून वाचला. बाकीची गाडी उन्हाने विटलीय."

मास्तर गोलाकडे बघत राहिले. "म्हणजे माझी गाडी इतकी लाल होती?"

"इतकी होती."

"मग आता करायचं काय?"

"याला कोणी हात लावायचा नाही. बाकीच्या गाडीला याच्यापर्यंत आणायचं. वरचा मेलेला थर हाताने काढावा लागेल, जपून. चार दिवस लागतील."

मास्तरांनी चावी काउंटरवर ठेवली. मी कार्डावर लिहिलं: "चार दिवस. डाव्या दारावरच्या गोलाला हात लावू नये." वन्सं मागच्या अंगणात दुसऱ्या गाडीचं डांबर काढायला गेल्या.

अर्ध्या तासाने जावईबापूंनी कार्ड उचललं. "चार दिवस? बाहेर पाटी काय लावलीय आपण?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बाईंनी बघितलंय, तो डाग नाहीये. ते हसले. "दिसतोय की ढळढळीत." आणि मशीनची वायर सोडवायला लागले.

पुढचं मी काउंटरच्या काचेतून बघितलं. त्यांनी जाडसर चकती लावली, गोलावर पॉलिश टाकलं आणि बटण दाबलं. त्या जुन्या गाडीवर वरचं पारदर्शक आवरण नव्हतं, नुसता रंग होता, त्यामुळे चकती पहिल्या फेऱ्यातच लाल झाली. "निघतोय," जावईबापू मशीनच्या आवाजावरून ओरडून मला म्हणाले. चकती जसजशी लाल होत गेली तसा त्यांना चेव चढत गेला. गाडीचा रंग चकतीवर येत होता आणि त्यांना वाटत होतं डाग येतोय. मला समजत होतं. उठून जायला हवं होतं, वन्संना हाक मारायला हवी होती. मी उठले नाही. मालकांच्या जावयाला मशीन बंद करा म्हणणारी मी कोण, असा विचार करत पेन हातात धरून बसून राहिले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. दाराच्या मधोमध जिथे पत्र्याला घडी आहे तिथे आधी फिकट पट्टा उमटला, मग राखाडी. रंगाखालचा प्रायमरचा थर उघडा पडला होता. मशीन बंद झालं.

दुपारी तीन वाजता मालकांनी वन्संना आत बोलावलं. मलाही बोलावलं, कारण कागद मीच टाइप करायचा होता. जावईबापू खिडकीशी पाठ करून उभे होते. मालकांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. मी, खाली सही करणार, माझ्या निष्काळजीपणामुळे सदर गाडीच्या डाव्या दाराच्या रंगाचं नुकसान झालं, हे कबूल करते.

"ताई," मालक वन्संना म्हणाले, "घरातली गोष्ट आहे, समजून घ्या. विमावाल्यांना कामगाराचा लेखी जबाब लागतो. त्या मास्तरांना मी फोन करून चार वाजता बोलावलंय. त्यांच्यासमोर जावयाचं नाव पुढे करू का मी? तुमची नोकरी कुठे जात नाही. फक्त यापुढे रंगाला हात नको, आतली सफाई बघा."

वन्संनी कागद हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. वाचताना कुठे अडखळल्या नाहीत.

"माझं नाव बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं चूक आहे." कागद टेबलावर ठेवून त्या बाहेर गेल्या.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी वन्संच्या मागे पाण्याच्या टाकीपर्यंत धावले. मला घराचं भाडं दिसत होतं, आणि छपन्नाव्या वर्षी नवं काम शोधणाऱ्या वन्सं दिसत होत्या.

"वन्सं, करून टाका ना सही. एक कागद आहे. फायलीत जाईल. कोण वाचणारे?"

त्या नळाखाली हात धूत होत्या. डांबर नखांत गेलं होतं, ते काढत होत्या.

"हेच म्हणाले होते माझे सासरे," त्या म्हणाल्या. "'कर सही, कोण वाचणारे.' मी तेव्हा सव्वीस वर्षांची. बाहेर रिक्षा उभी होती आणि माझी बॅग त्यांनीच भरून ठेवली होती. मला बाहेर काढत होते गं ते. आणि कागदावर लिहिलं होतं की मी माझ्या मर्जीने घर सोडून चाललेय. मी केली सही. मला वाटलं, सुटू एकदाचं."

"मग?"

"मग काय? सगळ्यांनी वाचलं. लांबच्या नातेवाइकांनी वाचलं, शेजाऱ्यांनी वाचलं. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा तुझ्या आईनेसुद्धा विचारलं होतं आमच्याकडे, की ती घर सोडून आलेली नणंद इथेच राहणार का म्हणून."

हे खरं होतं. आईने विचारलं होतं, आणि मी शेजारी बसले होते. वन्संनी इतक्या वर्षांत मला हे कधी ऐकवलं नव्हतं, भांडणातसुद्धा नाही.

"एकदा खोट्याखाली नाव लिहिलं," त्या फडक्याला हात पुसत म्हणाल्या, "आणि तीस वर्षं ते काही पुसता आलं नाही. पुन्हा नाही लिहिणार. मग तू रड, नाहीतर तुझा नवरा रडो."

चार वाजता मास्तर आले. दार बघून त्यांचा चेहरा उतरला. मालकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कामगाराकडून चूक झाली, आम्ही लेखी घेतोय, दार नवं रंगवून देतो, असं एका दमात सांगून टाकलं. वन्सं मधे आल्या.

"मास्तर, गाडी जरा उन्हात घेऊ या."

"ताई, तुम्ही आत जा," मालक म्हणाले.

"जाते. आधी गाडी उन्हात घेऊ या."

मास्तरांनी कोणाची वाट बघितली नाही. स्वतः गाडीत बसून ती फाटकाबाहेरच्या उन्हात काढली. वन्संनी त्यांना दारासमोर वाकायला लावलं. राखाडी तुकड्याच्या भोवती रंगावर बारीक बारीक वर्तुळं चमकत होती, एकात एक अडकलेली, शेकडो.

"ही मशीनची," वन्सं म्हणाल्या. "माझा हात गोल फिरत नाही."

"असं कोणीही म्हणेल," जावईबापू म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "कशावरून?"

वन्संनी पॉलिशचा डबा आणि एक पांढरं फडकं आणलं आणि उजव्या दारासमोर मांडी ठोकली. पुढून मागे, मागून पुढे. फडकं लाल झालं की नवीन घडी, पुन्हा लाल, पुन्हा नवीन घडी. असं वीस मिनिटं. मालक दोनदा घड्याळ बघून आत जाऊन आले. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. शेवटी वन्संनी कोरड्या फडक्याने दार पुसलं आणि बाजूला झाल्या. विटकरी, फिकट गाडीच्या अंगावर तेवढा हातभर पट्टा ओल्यासारखा लाल दिसत होता, आणि वाकून बघितलं तर त्यावर अगदी पुसट रेघा होत्या, सगळ्या सरळ.

मास्तर दोन्ही दारं बघत गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. मग म्हणाले, "बावीस वर्षं माझ्या शेजारी बसून लोकांनी चुका केल्यात. गाडी आदळली की प्रत्येक जण आधी ब्रेकला नावं ठेवतो. पाय कुठे होता ते मला बरोबर कळतं."

"अहो, पण मशीनसुद्धा बाईंनीच चालवलं नसेल कशावरून?" जावईबापू म्हणाले. "कोणी बघितलंय?"

"मी बघितलंय," मी म्हटलं.

सगळे वळले. आता मागे फिरायला जागा नव्हती, म्हणून मी पुढचंही सांगितलं: कार्डावर काय लिहिलं होतं, ते कोणी वाचलं, चकती कधी लाल झाली आणि मी आत बसून काय केलं, म्हणजे काहीच कसं केलं नाही. वन्संनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डब्याचं झाकण लावत होत्या.

मालकांना कळलं नव्हतं असं नाही. पण मुलगी त्यांची होती आणि जावई तिचा होता.

"तुम्ही दोघी उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

"उद्यापर्यंत कशाला थांबायचं?" वन्सं म्हणाल्या, आणि डबा आपल्या पिशवीत टाकला. डबा त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल गाडी आमच्या गल्लीत येऊन उभी राहिली. मास्तरांनी पत्ता कुठून काढला माहीत नाही; शिकवणाऱ्या माणसाला गावातली निम्मी माणसं ओळखत असतात. आमचे हे आधी तणतणले. दोन-दोन बायकांनी एकाच दिवशी नोकरी सोडावी, याला काही ताळतंत्र आहे का, असं भिंतीला उद्देशून बोलले. दुपारी मात्र बादल्या तेच भरून देत होते. चार दिवस वन्सं त्या गाडीभोवती होत्या. छताला स्टूल लागलं, चाकांवरच्या गोलाईला त्या जमिनीवर आडव्या झाल्या. गल्लीतल्या बायका धुणं वाळत घालता घालता बघायला यायच्या आणि हळूच आपापल्या घरच्या गाड्यांची दुखणी सांगायच्या. मी त्या वहीत लिहून घेत होते. अकरा झाल्या.

चौथ्या दिवशी मालक आले, सोबत जावईबापू. तोवर गाडी अशी लाल झाली होती की मालकांची नजर तिच्यावरून हटेना. डाव्या दारावर मात्र तो वाकडातिकडा राखाडी तुकडा तसाच होता.

"झालं ते झालं, ताई," मालक म्हणाले. "दोघी परत या. रंगाचं काम तुमचंच. हे दार आम्ही आज नेऊन रंगवून देतो, मास्तरांना एक पैसा पडणार नाही. आणि हे माफी मागायला तयार आहेत."

जावईबापूंनी मान खाली घालून "सॉरी" म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली.

"तोंडी नको," वन्सं म्हणाल्या. "माझ्याकडून जे लिहून घेत होतात तेच लिहून द्या. मजकूर छान होता. फक्त नाव बदला."

मालकांनी जावयाकडे बघितलं. जावयाने रस्त्याकडे बघितलं. मग दोघे ज्या रस्त्याने आले त्या रस्त्याने गेले. मी मनातल्या मनात माझ्या पगाराला रामराम ठोकला. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी जड गेलं.

संध्याकाळी मास्तर गाडी न्यायला आले. मुलगी सोबत होती. तिने छतावरून हात फिरवला, आणि फिरवतच राहिली. मास्तर डाव्या दाराशी उकिडवे बसले.

"या तुकड्याचं काय, बाई? हा तुम्हाला भरता नाही येणार?"

"येतो की. मिस्त्रींनी शिकवलंय मला. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"मग राहिला कसा?"

वन्सं फडकी पिळून दोरीवर टाकत होत्या. "तो माझा नाही," त्या म्हणाल्या.

मास्तर हसले, उठले, आणि मुलीला बाजूच्या सीटवर बसवून स्वतः चालवायला बसले. आमच्या गल्लीतून त्यांच्या घरी जायला मोठा रस्ता लागत नाही. ते मोठ्या रस्त्यानेच गेले. पुढच्या चौकातून वळून, डावं दार वर्कशॉपच्या फाटकाकडे येईल अशा बाजूने, पहिल्या गिअरमध्ये.